सायकलीची दुखणी

क्रुसेरोच्या घाटात, तिसऱ्या वळणावर योलिमा सायकलवरून उतरली आणि ठणठणीत चेनकडे मोठ्या काळजीने पाहत बसली.

कोलंबियातल्या सोगामोसो गावाची हीच रीत. तिथलं पोर चालायला लागलं की सायकलवर बसतं, आणि पुढे जन्मभर ‘दमलो’ हा शब्द तोंडातून काढत नाही. आजारी पडते ती सायकल. योलिमा तर एके काळी मुलींच्या संघात होती, शर्यती मारायची. मग आईच्या आजारपणाची दोन वर्षं, पहाटेची बेकरी, घरातलं सगळं... आई खडखडीत बरी झाली, पण हिच्या अंगात त्राण म्हणून उरलं नाही. पूर्वीची योलिमा कुठे शिल्लक आहे का, एवढं पाहण्यासाठी तिने आज घाटापलीकडच्या तळ्याकडे सायकल काढली होती. आणि इथे मांड्या थरथरत होत्या, डोळे भरून आले होते, वरून भुरभुर पाऊस.

“चेन का?” मागून कुणीतरी विचारलं.

निळ्या जर्सीतला एक तरुण, थंडीने गाल लाल झालेले.

“हो... घसरतेय.”

त्याने वाकून पाहिलं. चेन जिथल्या तिथे होती. त्याने गंभीरपणे मान हलवली. “वाईट असतं हे. माझीही सीट हलतेय सकाळपासून.”

सीट तसूभरही हलत नव्हती. तरी तो उतरला, शेजारी दगडावर बसला, आणि खिशातून पानात गुंडाळलेली पेरूची वडी काढून अर्धी तिच्यापुढे धरली. नाव विल्मार, काम सुतारकीचं.

“चेन कधी बरी होईल तुमची?”

“पुढच्या रविवारपर्यंत... बहुतेक.”

“मग माझ्या सीटलाही तोवर आराम पडायचा नाही,” तो म्हणाला. योलिमा हसली. आपल्याला हसू येतं हे ती विसरूनच गेली होती.

पुढच्या रविवारी चौथ्या वळणावर तिचा ब्रेक बिघडला आणि त्याचं पेडल. मग कधी तार, कधी टायर. दुखणी वाढत गेली, वळणंही वर वर सरकत गेली. बेकरीत पीठ मळताना ती स्वतःशीच गालात हसायची. आई म्हणायची, “पिठाला गुदगुल्या होतायत की तुला?”

अशाच एका रविवारी सायकलवाल्यांचा घोळका त्यांच्या शेजारून सुसाट वर गेला. त्यातला एक ओरडला, “काय विल्मार, बसलास पुन्हा? आमच्या आधी वर पोचून टपरीवरचं गुळाचं पाणी संपवणारा गडी तू! किती महिने असा रुसून राहणार घाटावर?”

योलिमाचा वडीचा घास हातातच राहिला.

“म्हणजे तुम्ही... माझ्यासाठी थांबत होतात.”

“हो.”

“कीव आली म्हणून.”

“योलिमा, ऐका तरी—”

“सगळी गल्ली मला ‘बिचारी पोर’ म्हणते. मला वाटलं, एक तरी माणूस माझ्याजवळ नुसता बसलाय.” तिने वडी परत त्याच्या हातात ठेवली. “माझ्या सायकलला काही झालेलं नाही. मी दमलेय. फार दमलेय मी.”

एवढं बोलून ती निघाली.

राग होता, पण रागाने पाय पळत नाहीत. ती हळूहळूच चढली, धापा टाकत, कुणापासून काही न लपवता. कांद्याच्या जुड्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीने विचारलं, “बरं वाटत नाही का गं?” योलिमा म्हणाली, “दमलेय, काकू.” “मग सावकाश जा की. तळं काही आटत नाही.” आणि गंमत अशी, की शब्द तोंडातून गेल्यावर ओझंही थोडं गेलं. एकेक वळण मागे पडत राहिलं आणि अचानक चढ संपला.

खाली तळं होतं, काठापर्यंत हिरवीगार कांद्याची शेतं. टपरीवर तिने गुळाचं गरम पाणी मागितलं. दोन पेले समोर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण दोन मागितलेत.

दुसरा पेला निवायला लागला तशी तिने तो हाताने झाकला. नजर रस्त्याकडे. तळ्याकडे पाठ करून ती उभी होती. आपल्याला त्याची कीव येतेय का? तिने मनात चाचपून पाहिलं. छे, कीव कसली! त्याच्याशिवाय ते तळं बघवत नव्हतं, एवढंच. मग खाली वळणावर माझ्यासाठी थांबताना त्याचंही असंच होत असेल... तिचे कान तापले.

तो आला तो घामाने निथळत.

“मुद्दाम मागे राहिलात ना?”

“शप्पथ, नाही. तुम्हाला गाठायला गेलो आणि पायच गेले. महिनोन्‌महिने बसून काढलेत मी. दमलो.” तो हँडलवर ओणवा झाला. “तुम्ही थांबला होतात?”

“हो.”

“कीव आली म्हणून?”

“नाही.” तिने पेला त्याच्या हातात दिला, बोटं मात्र लगेच काढली नाहीत. “तुम्ही हवे होतात म्हणून.”

विल्मार पाणी प्यायचं विसरला. “मला तर पहिल्याच दिवसापासून... पण सांगायचं कसं, कळेना.”

“आता सांगितलंत की.” योलिमाने सायकल तळ्याच्या उताराकडे वळवली. “चला. पण माझ्या पुढे जायचं नाही.”

“बरं. मागे येतो.”

“मागेही नाही.”

“रस्ता अरुंद आहे, योलिमा.”

“मग जवळून चालवा,” ती म्हणाली.