डिकीतलं माकड आणि 'खेळप्रेमी'

"बाबा, आपल्या गाडीच्या डिकीत माकड आहे का?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं! तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वकिलाने आणि गोटीने तोंडावर हात दाबले. पैजच तशी लागली होती. प्रश्न बाबांनाच विचारायचा, मोठ्याने विचारायचा आणि विचारताना हसायचं नाही!

भिंगरीच्या बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक गाडी, एकच शिक्षक आणि मागे पाटी, 'नवशिके आहोत, अंतर ठेवा'. सुट्टी लागल्यापासून ही तिघं मागच्या सीटवर बसून फुकट फिरत होती. आज स्टिअरिंगवर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा ब्रेकवर फार जीव. मांजर दिसलं की ब्रेक. मांजराची सावली दिसली तरी ब्रेक! आणि प्रत्येक ब्रेकला गाडीच्या मागून आवाज यायचा,

ढम ढम ढमाढम ढम!

"माकड?" बाबांचे कान लाल झाले. "काहीतरीच तुझं! सायलेन्सर सैल झालाय."

"सायलेन्सर तालात वाजतो का हो, काका?" वकिलाने विचारलं. या मुलाला सगळे वकील म्हणायचे, कारण पुराव्याशिवाय तो स्वतःचा वाढदिवसही मान्य करत नसे.

"तू गप्प बस आणि पुढे बघ!"

"बघतेय हो मी पुढे!" डॉक्टरीणबाई दचकून ओरडल्या आणि त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला.

ढम ढम ढमाढम ढम!

घराशी उतरल्यावर तिघं जिन्याखाली जमली. भिंगरीचा चेहरा उतरला होता.

"मी तो ढोल ओळखते," ती म्हणाली. "ते आईचं माकड आहे. पण ते तर विकलं गेलंय!"

भिंगरीची आई घड्याळांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिने आपली बारीक हत्यारं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि चावीची जुनी खेळणी दुरुस्त करायला घेतली. पत्र्याचा बेडूक, घसरणारा पेंग्विन, ढोल वाजवणारं माकड! खेळणं चालायला लागलं की ती ते इंटरनेटवर लिलावाला लावायची. लोक बोली लावणार, मुदत संपताना ज्याची बोली सगळ्यात वर त्याला खेळणं मिळणार. "शाळा उघडेपर्यंत बघते," ती म्हणाली होती. "चाललं तर चाललं. नाही तर हत्यारं पेटीत आणि मी पुन्हा कुठेतरी नोकरीला."

आणि चाललं होतं की! बेडूक विकला गेला, पेंग्विन विकला गेला, माकड विकलं गेलं. सगळं एकाच माणसाने घेतलं होतं. साइटवर त्याचं नाव होतं 'खेळप्रेमी'. आई प्रत्येक पार्सलात त्याला आभाराची चिठ्ठी घालायची. आता ती सायकल चालवणारं अस्वल दुरुस्त करत होती. आतापर्यंतचं सगळ्यात अवघड काम!

"शक्यता पहिली," वकिलाने बोट वर केलं, "माकडं दोन आहेत. शक्यता दुसरी, कुरिअरवाल्याने पार्सल हडपलं आणि तुझ्या बाबांना विकलं. शक्यता तिसरी..."

"तिसरी बोलू नकोस!" भिंगरी म्हणाली.

"बोलतच नाहीये. पुरावा कुठाय?"

पुरावा डिकीत होता आणि डिकीची चावी बाबांच्या खिशात. दुसऱ्या दिवशी भिंगरीने पिशवी ठेवायचं निमित्त केलं. बाबा म्हणाले, कुलूप अडकलंय. वकिलाने सायकलची ट्यूब ठेवायची का विचारलं. बाबा म्हणाले, मांडीवर घे. शेवटी गोटी पुढे झाली. गोटी तिघांत सगळ्यात लहान. बोलायची कमी, पण तिच्या गोल डोळ्यांतून काही सुटायचं नाही.

"मागच्या सीटची पाठ दुमडते," ती म्हणाली. "तिथे एक खटका आहे. मी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बघितलाय."

"आणि आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मग काय! मैदानाजवळ गाडी थांबताच भिंगरीने गळा काढला, "बाबा, पुढच्या चाकातली हवा कमी वाटतेय हो!" बाबा उतरले, डॉक्टरीणबाई उतरल्या. वकिलाने चाकाबद्दल असे काही प्रश्न विचारायला सुरुवात केली की बाबा तिथेच उकिडवे बसून हातवारे करत समजावू लागले. इकडे गोटीने खटका ओढला. सीटची पाठ धाडकन पुढे आली!

आत तीन खोकी होती. आईच्या हातची पिवळी चिकटपट्टी, आईच्या हातचं टपोरं अक्षर. एक खोकं उघडं होतं आणि त्यातून पत्र्याचं माकड दात काढून भिंगरीकडे बघत होतं.

"मॅडम," मागून बाबांचा बारीक आवाज आला. ते डॉक्टरीणबाईंना म्हणत होते, "आजचा क्लास इथेच संपवूया का?"

मैदानाच्या कट्ट्यावर बाबा मान खाली घालून बसले. समोर तीन वादी उभे!

"खेळप्रेमी मीच," ते म्हणाले.

"बाबा!"

"अगं, पहिल्यांदा बेडूक लावला तेव्हा दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तुझी आई फोन पातेल्याखाली झाकून ठेवायची, बघवत नाही म्हणून. मला तिचा चेहरा बघवेना. म्हटलं, एक बोली आपणच लावू. पत्ता एका जुन्या विद्यार्थ्याचा दिला, पार्सल त्याच्याकडून आणलं. मग पेंग्विन. मग हे." त्यांनी माकडाच्या डोक्यावरून हात फिरवला. "रोज एकदा चावी देतो याला. काय वाजवतं, वा!"

भिंगरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. बाबा चोर नव्हते! तिला त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. पण वकिलाच्या कपाळावर आठ्या होत्या.

"काका, हे नियमाविरुद्ध आहे. माझी आत्या जुनी पेनं विकते याच साइटवर. विकणाऱ्याच्या घरच्यांनी बोली लावली तर दुकान कायमचं बंद करतात!"

"कायमचं?" बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला कुठे माहीत होतं रे!"

"नियम वाचले नाहीत?"

"कोण वाचतं?"

"रस्त्याच्या नियमांबद्दल लोकांना हेच विचारता ना तुम्ही?" भिंगरी म्हणाली.

एवढ्यात गोटीने वकिलाच्या बाहीला ओढलं. तिने त्याच्या फोनवर माकडाचा जुना लिलाव उघडला होता. खाली बोलींची यादी होती. 'खेळप्रेमी' होता. पण त्याच्या मध्ये मध्ये आणखी एक नाव होतं, 'टिकटिक'.

"हा कोण?" गोटी म्हणाली.

चौघांची डोकी एकत्र आली. टिकटिकने बोली लावली होती. खेळप्रेमीने वरची लावली होती. टिकटिकने पुन्हा वाढवली, खेळप्रेमीने पुन्हा. शेवटी टिकटिकने नाद सोडला होता.

"काका, तुम्ही याच्याशी भांडत होतात?" वकिलाने विचारलं.

"मी? छे! फोन टिंग वाजायचा, मी बटण दाबायचो. मला वाटलं, साइट आठवण करून देतेय!"

भिंगरी कट्ट्यावरून उडीच मारून उतरली. "बाबा! म्हणजे आईचं माकड खरंच कुणालातरी हवं होतं आणि तुम्ही त्याला हाकलून दिलंत!"

घरी गेल्यावर बाबांनी सगळं आईला सांगितलं. भिंगरीची अटच होती, सांगायचं ते तुम्हीच. आई अस्वलाची सायकल हातात घेऊन ऐकत होती. ती ओरडली नाही. तेच वाईट होतं. तिने चिमटा पुसला, पेटीत ठेवला. स्क्रूड्रायव्हर पुसला, पेटीत ठेवला.

"म्हणजे माझं एकही खेळणं कुणी घेतलं नाही," ती म्हणाली. "आणि मी चिठ्ठ्या लिहीत बसले होते. अहो, तुम्हालाच!"

"अगं, जपून ठेवल्यात मी सगळ्या..."

"काकू, थांबा!" वकील मध्ये घुसला. "पुरावा बघा!"

आईने फोन घेतला. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. "टिकटिक," ती हळूच म्हणाली. "पाच वेळा परत आला हा?"

"पेंग्विनला दुसरा एक जण होता!" भिंगरी म्हणाली. "बाबांनी त्यालाही पळवला!"

आईने बाबांकडे अशी नजर टाकली की ते भिंतीला चिकटले. आणि मग तिने पेटीतून चिमटा पुन्हा बाहेर काढला!

वकिलाची आत्या त्याच संध्याकाळी आली. आवाज खणखणीत, केस पेनाने वर बांधलेले. आल्या आल्या तिने हुकूम सोडला, "आधी साइटला कळवा. जसं घडलं तसं, रडगाणं न गाता. त्यांनी शोधून काढायच्या आत आपण सांगितलेलं बरं."

आईने लिहिलं. मग दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही. फोन वाजला की सगळे दचकत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. खेळप्रेमीचं खातं बंद, तिन्ही विक्री रद्द, दुकानाला ताकीद. पण दुकान चालू ठेवायला हरकत नाही!

"हुश्श!" बाबा खुर्चीत कोसळले.

"तुम्ही हुश्श करू नका, फोन इकडे द्या," आत्या म्हणाली आणि बाबांचा फोन तिच्या पर्समध्ये गेला. "आता अस्वल! हा फोटो कुणी काढला? ट्यूबलाइटखाली? बिचारं कावीळ झाल्यासारखं दिसतंय. खिडकीपाशी पांढरी चादर लावा. आणि हा कान मोडलाय, तो फोटोत का नाही?"

"दिसू नये म्हणून बाजू वळवली," आई पुटपुटली.

"उलट! कान सगळ्यात आधी दाखवायचा. तुम्ही स्वतः कान दाखवलात की बाकीच्यावर लोकांचा विश्वास बसतो. लपवलात तर अस्वल परत येतं आणि शिव्या सोबत आणतं. वर्णनात काय लिहिलंय? 'सुंदर आणि दुर्मीळ'. असं लिहून कोण शोधतं? 'चावीचं पत्र्याचं अस्वल, सायकल चालवतं' असं लिहा. लोक तेच शोधतात. सुरुवातीची किंमत कमी ठेवा, गर्दी होऊ द्या. मुदत रविवारी संध्याकाळी संपू द्या, माणसं घरी असतात. आणि कुणी प्रश्न विचारला की लगेच उत्तर!"

"पार्सल?" गोटीने विचारलं.

"पार्सल बांधायचं आणि टेबलावरून खाली टाकायचं. खुळखुळलं तर पुन्हा बांधायचं."

सगळे कामाला लागले. भिंगरीने फोटो काढले, मोडक्या कानाचा तर अगदी जवळून! वकिलाने वर्णनातली विशेषणं एकेक करून उडवली. बाबांनी खोकी टेबलावरून टाकायचं काम मागून घेतलं.

रविवार उजाडला. दिवसभरात बोली किती? एकही नाही! एकाने फक्त प्रश्न विचारला होता, अस्वल सायकलसकट पडतं का? भिंगरीने खरं तेच लिहिलं, "गुळगुळीत फरशीवर नाही, चादरीवर पडतं."

"ते कशाला सांगायचं?" बाबा कळवळले.

संध्याकाळ झाली. शेवटची दहा मिनिटं उरली तरी पाटी कोरी! आईने नेहमीसारखा फोनवर पातेलं ठेवायला हात उचलला आणि मागे घेतला. या वेळी ती बघणार होती. भिंगरीला तिच्याकडे बघवेना. वकिलाचा फोन समोरच पडला होता. एक बोली, फक्त एक! कुणाला कळणार? आणि तेव्हा तिला बाबांचं सगळं कळलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

टिंग!

"आली!" गोटी किंचाळली.

टिंग! टिंग!

"घाबरू नका," आत्या हसली. "खरे घेणारे शेवटी उगवतात. आधीच बोली लावली तर किंमत वाढते ना!"

प्रश्न विचारणाऱ्याने बोली लावली होती, त्यावर दुसऱ्याने चढवली. आणि मग एक ओळखीचं नाव उगवलं, टिकटिक! आई उभीच राहिली. तिघेही बोली लावणारे इरेला पेटले. "वाढव रे, वाढव!" वकील फोनला सांगत होता. शेवटी मुदत संपली आणि अस्वल टिकटिकला मिळालं. पाठोपाठ त्याचा निरोप आला, "कान मोडका दाखवलात, म्हणून घेतलं. ते माकड पुन्हा येईल का?"

आई मटकन बसली, एकदम हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. बाबांनी बिचकत विचारलं, "मी डिकीतून आणू का?"

"आणा! आणि चाव्या दिल्यात तेवढ्या पुरे झाल्या!"

आत्याने तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मोठ्यांनी घातलेला गोंधळ पोरांनी निस्तरला. वकिला, तुझ्या बापापेक्षा हुशार आहेस तू!" डॉक्टरीणबाईंना बातमी कळली तेव्हा त्यांनी भर रस्त्यात स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. बाबांनाच ब्रेक दाबावा लागला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भिंगरी आईच्या टेबलाशी गेली. अडगळीच्या डब्यातून तिने एक पत्र्याचं बदक काढलं. आईने त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते.

"आई, बाबा, माझा निर्णय झालाय," ती म्हणाली. "हे बदक मी दुरुस्त करणार. फोटो मी काढणार, लिलावाला मीच लावणार. आई, मी झोपल्यावर तू गुपचूप त्याची स्प्रिंग बसवायची नाहीस. बाबा, तुम्ही फोनला हातसुद्धा लावायचा नाही. नाही चाललं, तर 'चालत नाही' असं सगळ्यात वर लिहीन. आणि एकही बोली नाही आली, तर नाही आली! आपण तिघं मिळून बघत बसू."