पांढऱ्या गोट्याचा पहारा

टाकळी हाजी गावापाशी कुकडी नदीच्या काळ्या खडकात निसर्गानेच कोरलेले शेकडो रांजण आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या रांजणाची खोली मोजून आणावी आणि शाळेच्या नकाशातील ती एकच रिकामी जागा भरावी, एवढा संकल्प करून १९६१ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत चार माणसे नदीपात्रात उतरली.

शिरूरच्या एका माध्यमिक शाळेने आठवीच्या वर्गाचे पाच दिवसांचे शिबिर तेथील आमराईत भरवले होते. तीस मुले तंबूंपाशी चुली मांडण्यात गुंतली होती. मोजणीला निघाले ते भूगोलाचे इसहाक गुरुजी, टाकळीत मोट हाकण्यात अवघे आयुष्य घालवलेले वृद्ध तात्याबा, त्यांची नात नकुशी आणि नकुशीच्याच वर्गातील लिडिया. लिडियाचे अक्षर वर्गात सर्वांत सुरेख, म्हणून वही तिच्याकडे होती. वास्तविक त्या मुलीला पाण्याचे मोठे भय वाटे. परंतु ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती.

कोरड्या ओघळीतून चालत ते पात्राच्या मध्यभागी असलेल्या खडकावर गेले. पलीकडे अरुंद घळीतून नदीचा मुख्य प्रवाह घोंघावत चालला होता. रांजणाच्या तोंडाशी वाकून गुरुजी म्हणाले, "मुलींनो, हे कोणा पाथरवटाचे काम नव्हे. पुरात गोटे आत अडकतात, पाण्याबरोबर गरगर फिरतात आणि हजारो वर्षे खडक दळत राहतात. जात्यासारखे!"

"म्हंजी नदी पीठ दळती व्हय, गुरुजी?" नकुशी हसून म्हणाली. "मंग भाकरी कोन थापतं?"

तात्याबांनी मात्र पात्राला हात जोडले. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून चुन्याने रंगवलेला एक गोटा काढला आणि घळीच्या कडेला, पाण्यापासून वीतभर वर ठेवला. पात्रात कामाला उतरणाऱ्या माणसांनी असा गोटा ठेवावा आणि त्यावर एकाने पहारा द्यावा, ही त्या गावाची जुनी रीत होती.

"पोरी," ते लिडियाला म्हणाले, "आभाळाकडं बघू नगंस. आभाळ आपल्याला फसवतं. पाऊस पडतो तिकडं जुन्नरच्या डोंगरात, आन् पानी येतं हितं. ह्या गोट्याकडं बघ. गोटा भिजला की वरडायचं. एवढंच तुझं काम."

"होय, आबा," लिडिया म्हणाली. आकाश धुतल्यासारखे निळे होते.

रांजणाच्या भिंती आतून गुळगुळीत होत्या. सोडलेले वजन घरंगळून जाई, खरा तळ सापडेना. तेव्हा कोणीतरी आत उतरणे भाग होते. गुरुजी सदऱ्याच्या बाह्या वर सारू लागले, पण नकुशीने ओचा खोचला. "तुम्हाला वर वढायला चार बैलं लागतील, गुरुजी! मी रोज इहिरीत उतरते." तात्याबांनी मोटेचा जाड नाडा नातीच्या कमरेला बांधला. नाड्यावर हाताहाताच्या अंतराने लाल चिंध्या बांधल्या होत्या. एकेक चिंधी रांजणात दिसेनाशी होऊ लागली.

"एक! दोन!" गुरुजी मोजत होते आणि लिडिया लिहीत होती. पाचव्या आकड्यापाशी टाकातून शाईचा थेंब पडला. पान डागाळले! हे पान प्रदर्शनात लागणार होते. लिडियाने ते हलकेच फाडले, नव्या पानावर पट्टीने रेघा आखल्या, मागचे आकडे पुन्हा उतरवले आणि शीर्षक ठळक केले. नऊ हातांचा आकडा लिहून तिने समाधानाने मान वर केली.

गोटा नव्हता.

जेथे गोटा होता तेथे गढूळ, तांबडे पाणी होते. त्यावर फेस होता, काटक्या होत्या. तिच्या तोंडून चीत्कार फुटला!

गुरुजी वळून धावले. ओल्या शेवाळावर त्यांचा पाय सरकला आणि ते उजव्या मनगटावर पडले. हाड मोडल्याचा आवाज लिडियाने स्पष्ट ऐकला. त्याच क्षणी रांजणाच्या कडेच्या भेगेतून पाण्याची धार आत कोसळू लागली.

"आबा!" खालून किंकाळी आली. "आबा, गोटं फिराया लागलं! माझ्या पायाशी फिरत्यात! वढा मला!"

मघाशी ज्या गोष्टीवर नकुशी हसली होती, तीच आता खाली घडत होती. जाते फिरू लागले होते!

तात्याबांनी नाडा ओढला. तो चार बोटे वर आला आणि थांबला. गुरुजींनी डावा हात लावला, पण रांजणाच्या काठावर दोर घासत होता, आणि वृद्धाच्या दंडांतील बळ आता पुरेसे उरले नव्हते. आमराईकडे पळत जावे, असे लिडियाला एकसारखे वाटत होते. परंतु तिकडून माणसे येईपर्यंत काय उरले असते?

तात्याबांनी खडक न्याहाळला. रांजणाच्या काठापासून घळीकडे खडक उतरत गेला होता, अगदी विहिरीवरच्या धावेसारखा. मोट भरली की बैल त्याच उतारावरून चालतात आणि मोटकरी नाड्यावर बसून आपला भार त्यांच्या बळात मिसळतो. एवढे ज्ञान त्या वृद्धाला जन्मभर पुरले होते.

"बैलं न्हाईत तर आपूनच बैलं! गुरुजी, नाडा खांद्यावर घ्या! आन् पोरी, तू नाड्यावर बस! दोनी हातांनी धर आन् बस!"

"आबा, उतार पाण्याकडे जातो!"

"ठावं हाय मला! बस!"

लिडियाच्या छातीशी वही होती. तिला दोन्ही हात हवे होते. तिने वही सोडली. वही उतारावरून घसरत पाण्यात गेली, पाने पंखांसारखी उघडली आणि घळीने तिला गिळले. लिडिया डोळे मिटून नाड्यावर बसली. ओठांतल्या ओठांत ती प्रभूचे नाव घेत होती, आणि पुढे चालणारे तात्याबा मळगंगा देवीला हाक मारत होते.

एक पाऊल. नाडा ताणला. दुसरे पाऊल. नाडा हलला! मागे रांजणाच्या काठावर एक लाल चिंधी वर आली. मग दुसरी. तिसरी. पाणी तात्याबांच्या घोट्याला लागले. पाचवी चिंधी! पाणी गुडघ्यापर्यंत आले. लिडियाचे लोंबते पाय भिजले. ते पाणी बर्फासारखे थंड होते आणि तिला ओढत होते. सातवी! गुरुजी कण्हले. ओझे क्षणभर मागे खेचले गेले आणि मिळवलेली एक चिंधी पुन्हा आत गेली.

"सोडू नका!" हा आवाज आपलाच आहे, हे लिडियाला नंतर कळले. "आबा, सोडू नका! मी बसले आहे!"

आठवी. नववी. पाणी मांड्यांना भिडले. तेवढ्यात मागून खरखरीत, रडवेला आवाज आला, "धरला! काठ धरला म्यां!"

नकुशी काठावर पालथी पडली होती. तिची दोन्ही पावले सोलून निघाली होती. मघाची कोरडी ओघळ आता कमरेइतकी भरली होती. चौघांनी तोच नाडा कमरांना गुंडाळला आणि एकमेकांना धरून ती पार केली. काठावर पोहोचून त्यांनी मागे पाहिले, तेव्हा ज्या खडकावर ते उभे होते तेथे केवळ तांबडा भोवरा फिरत होता.

दुपारी आमराईत गुरुजींचे मनगट बांबूच्या कामट्यांनी बांधले जात होते. मुले म्हणत होती, "पूर एकाएकी आला!" तात्याबा चिलीम भरत होते. त्यांनी एकदाच लिडियाकडे पाहिले आणि ते पुन्हा चिलमीकडे वळले. ती नजर तिला सोसवेना. ती उभी राहिली.

"एकाएकी नाही आला," ती म्हणाली. "मी गोट्याकडे पाहत नव्हते. मी रेघा आखत होते."

गुरुजी म्हणाले, "लिडिया, वही मी तुझ्या हाती दिली. पहारेकऱ्याच्या हाती वही देणारा मी. चूक दोघांची आहे."

"पन खोली किती भरली, गुरुजी?" पाय हळदीने माखलेली नकुशी विचारती झाली. "नऊ हात ल्हिऊ नका हां. मला तळ न्हाई लागला. गोट्यांचा ढीग लागला निस्ता."

नकाशात ती जागा तशीच कोरी राहिली आणि नकाशा तसाच प्रदर्शनात टांगला गेला.

पुढच्या वर्षी, आता नववीत गेलेल्या त्याच वर्गाचे शिबिर पुन्हा तेथेच भरले. या खेपेस पात्रात कोणी उतरायचे नव्हते, काठच्या खडकांवरून लहान रांजण तेवढे मोजायचे होते. तरीही तात्याबांनी चुन्याने रंगवलेला गोटा ठेवला आणि पहाऱ्याला कोण बसणार, असे विचारले. लिडिया आपण होऊन पुढे आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

वही या वर्षी नकुशीकडे होती. थोड्या वेळाने ती वरून ओरडली, "ए लिडे, माझं अक्षर बघ की! कोंबडीनं पाय वढल्यावानी झालंय!"

सारी मुले हसली. लिडियाही हसली, पण तिने मान वळवली नाही.