दोन नंबरचं बोअर

"इथे स्टेज, इथे खुर्च्या, आणि इथे पाहुण्यांसाठी सोफा," असं म्हणत टिळेकरकाकांनी मैदानाच्या नकाशावर पेनाने तीन चौकोन काढले.

श्याम टिळेकर हे वारज्याच्या सुखनिवास सोसायटीचे चेअरमन. चौकोन काढायला त्यांना फार आवडे. चौकोनाखाली काय आहे हे बघायला मात्र त्यांना सहसा वेळ नसे.

दिवाळीची सुट्टी लागली होती. शनिवारी संध्याकाळी मैदानात सोसायटीच्या तीस चिल्ल्यापिल्ल्यांचा नाच होता आणि त्यांना रांगेत उभं करण्याचं काम सातवीतल्या भाग्यश्री, आमोद आणि धम्मदीप या तिघांकडे आलं होतं. म्हणून ते ऑफिसात स्टेजची जागा बघायला आले होते.

"काका, स्टेजच्या चौकोनात हे निळं वर्तुळ कसलं?" भाग्यश्रीने विचारलं.

"कुठलं?"

"ज्याच्यावर तुम्ही आत्ता 'स्टेज' लिहिलंत, ते."

वर्तुळाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : बोअर क्रमांक दोन.

"ते जुनं आहे. बुजवलंय," काका म्हणाले.

"कोणी?"

"कंत्राटदाराने. आठ वर्षांपूर्वी."

"बुजवताना कोणी पाहिलं होतं का?" धम्मदीपने विचारलं. त्याला प्रश्न पडला की तो थांबत नसे.

"कागद आहे आपल्याकडे. काम पूर्ण झाल्याचा. सही-शिक्क्यासकट."

"म्हणजे कागदावर बुजलंय," आमोद शांतपणे म्हणाला. "चला, कागदावरच नाचायला सांगू सगळ्यांना."

काकांनी तिघांना बाहेरचा रस्ता दाखवला.

गेटवर दत्तोबा होते. बारा वर्षं ते या गेटवर वॉचमन होते आणि सोसायटीत काय झालं हे कमिटीपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. कमिटी त्यांना कधी विचारत नसे, हा भाग वेगळा.

"बुजवलं कुठलं?" दत्तोबा म्हणाले. "पाणी आटलं म्हणून आतला लोखंडी पाइप उपसला आणि भंगारात घातला. भोकावर पत्रा टाकला, वर मुरूम ओढला आणि पाचला घरी गेले. मी तेव्हाच्या चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, दत्तोबा, तुम्ही आपलं काम बघा."

"नक्की कुठे होतं?"

"आंब्यापासून दहा पावलांवर."

"आंबा कुठे आहे?"

"पार्किंगसाठी तोडला."

तिघांनी मैदानाकडे पाहिलं. कडेचे फुलझाडांचे वाफे सोडले तर सगळीकडे सारखाच तांबूस-करडा मुरूम. नकाशावरचं वर्तुळ तर एवढं ढोबळ होतं की त्यात अख्खं स्टेज मावलं असतं. आठ वर्षांत पत्रा गंजून केवढासा उरला असेल, हा विचार तिघांच्याही मनात आला.

तिथून ते थेट आनंदीबाईंकडे गेले. आनंदीबाई चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि सोसायटीत फक्त त्यांनाच टिळेकरकाका वचकून असत. बाईंनी त्याच संध्याकाळी कमिटीच्या बैठकीत विषय काढला. काकांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी तज्ज्ञ बोलावला.

बुधवारी दुपारी तज्ज्ञ आला. त्याचं नाव अभिनव. डोळ्यांवर काळा गॉगल, पँटला अकरा खिसे आणि हातात नवाकोरा मेटल डिटेक्टर. खालच्या ताटलीसारख्या चकतीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. त्याने यंत्र सुरू केलं आणि ते मुरमावर नेलं. यंत्र किंचाळायला लागलं. दोन पावलं पुढे गेला, तरी किंचाळतंय. मागे आला, तरी तेच.

अभिनवने इकडेतिकडे पाहिलं आणि एक बटण डावीकडे पिळलं. अजून पिळलं. यंत्र गप्प झालं. मग तो मोठ्या रुबाबात सात मिनिटं मैदानभर फिरला.

"क्लिअर आहे सर. खाली काहीही नाही."

"बघा," टिळेकरकाका मुलांना म्हणाले. "याला म्हणतात शास्त्रीय पद्धत."

"काका, ते आत्ता ड्रेनेजच्या लोखंडी झाकणावरून गेले," भाग्यश्री म्हणाली. "यंत्र वाजलं नाही."

"तुम्ही तज्ज्ञ आहात का?"

"नाही. पण झाकण आम्हाला दिसतंय."

अभिनवने घाईघाईने एक प्रमाणपत्र लिहून दिलं. काकांनी ते फाइलला लावलं. आता त्यांच्याकडे दोन कागद झाले.

भाग्यश्रीने घरी जाऊन लोणी काळभोरला महिपतीमामाला फोन लावला. मामा शेतातल्या पाइपलाइनची कामं करायचा. मातीखाली गाडले गेलेले जुने वॉल्व शोधायला त्याच्याकडे असंच एक यंत्र होतं.

"मशीन हाय की," मामा म्हणाला. "पण मशीन हातात आलं म्हंजे सगळं कळतं असं न्हाई. आधी जमीन वळखावी लागती. आमच्याकडं काळी माती, ती निराळी. तुमच्याकडं फोडलेल्या काळ्या दगडाचा मुरूम. त्या दगडातच लोखंडाचा अंश असतोय. मशीनला वाटतं, सगळीकडं लोखंडच हाय."

"मग त्या तज्ज्ञाने काय केलं?"

"कान बंद केले मशीनचे. दुसरं काय?"

गुरुवारी सकाळी मामा कामावर जाताना यंत्र देऊन गेला. ते जुनं होतं, दांड्याला सुतळी गुंडाळलेली होती. जाण्याआधी त्याने एकच गोष्ट तीनदा करून दाखवली. धातू नाही अशी खात्री असलेल्या जागी चकती जमिनीजवळ न्यायची, वर उचलायची, पुन्हा खाली न्यायची, आणि आवाज वर-खाली होईनासा होईपर्यंत दुसरं बटण हळूहळू फिरवायचं. म्हणजे यंत्र त्या जमिनीला सरावतं आणि जमिनीहून वेगळं असेल त्यालाच ओरडतं.

"जमीन बदलली की परत करायचं," मामा म्हणाला. "ओली झाली तरी परत. आळस केला की मशीन खोटं बोलतंय. आणि काय घावलं तर खणायचं न्हाई. मला फोन करायचा. कळलं का?"

मुलांनी आधी वाफ्यात सराव केला. तिथली माती बाहेरून आणलेली, मऊ. आमोदने वीतभर खोल पुरलेला लोखंडी चमचा यंत्राने लगेच पकडला.

"सोपं आहे की," धम्मदीप म्हणाला.

"मुरमावर ये, मग बोल," भाग्यश्री म्हणाली.

मुरमावर यंत्र सरावायलाच अर्धा तास गेला. ऊन चटचटत होतं, मुरूम कोरडा ठणठणीत होता. त्यांनी दोरी लावून मैदानाचे पट्टे पाडले. धम्मदीप यंत्र फिरवी, भाग्यश्री पट्टा सांभाळी आणि जिथे आवाज येई तिथे आमोद गुलाबी रांगोळीची चिमूट टाकी. दुपारपर्यंत बावीस चिमटी पडल्या. त्यांनी त्या सगळ्या जागा वहीत उतरवून घेतल्या.

"बावीस बोअर," आमोद म्हणाला. "श्रीमंत सोसायटी आहे आपली."

टिळेकरकाका गॅलरीतून बघत होते. "झाला का खजिना गोळा?" त्यांनी वरून विचारलं.

"अजून नाही," भाग्यश्री म्हणाली. "पण तुम्हाला काही सापडलं असेल तर सांगा. आम्ही नोंद करू."

शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि परतीच्या पावसाने तासभर झोडपलं. रांगोळी वाहून गेली. धम्मदीपचं तोंड उतरलं, पण भाग्यश्री वहीकडे बघत बसली होती.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "आता जमीन ओली आहे. म्हणजे ती दुसरीच जमीन झाली. दगडामुळे आलेले आवाज आता बदलतील. पत्रा मात्र आहे तिथेच राहील. कोरड्यात आणि ओल्यात, दोन्ही वेळा जिथे वाजेल, ती जागा खरी."

आमोदने तिच्याकडे पाहिलं. "हे तुला एकटीला सुचलं?"

"तुला सुचायची वाट बघत होते. मग कंटाळले."

शनिवारी सकाळी सातला ते मैदानात उतरले. गुरुवारच्या बटणावर यंत्र ठेवलं तर ते डबक्यांवर आणि ओल्या मुरमावर वेड्यासारखं ओरडू लागलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून त्याला जमिनीची सवय केली. या वेळी प्रत्येक जागेवरून आधी उभं आणि मग आडवं असं दोनदा गेले. वहीतल्या जागा एकेक करून गळू लागल्या. इथे एका बाजूनेच आवाज, खोटा. इथे आज काहीच नाही. इथे पावसाने उघडी पडलेली बाटलीची बुचं. इथे मंडपाचा जुना खिळा.

अठराव्या जागेवर धम्मदीप थांबला. आवाज जाड होता. उभं नेलं तरी तोच, आडवं नेलं तरी तोच. त्याने चकती गुडघ्याएवढी उचलली, तरी आवाज थांबेना. दोन फूट रुंद पट्ट्यात तो सलग वाजत राहिला.

"सापडलं," तो म्हणाला.

भाग्यश्रीचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. "धम्मदीप, तू त्याच्यावरच उभा आहेस."

तो पांढराफटक पडला. पायाखालचा मुरूम ओला होऊन मऊ झाला होता आणि बोटांखाली किंचित दबत होता.

"उडी मारू नकोस," आमोद म्हणाला. त्याच्या आवाजातला नेहमीचा खवचटपणा कुठच्या कुठे गेला होता. "दोरी धर. आता हळूच मागे ये. एक पाऊल. अजून एक."

धम्मदीप सहा पावलं मागे आला आणि मटकन खाली बसला. मग भाग्यश्रीने मामाला फोन केला. मामा निघाला, पण लोणी काळभोरहून वारज्याला यायला दीड तास लागणार होता.

आणि मंडपवाले नऊला येणार होते, पहारी घेऊन.

टिळेकरकाकांना फोन केला तर ते म्हणाले, "तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे," आणि त्यांनी फोन ठेवला.

"ते ऐकणार नाहीत. मंडपवालेही पोरांचं ऐकणार नाहीत," आमोद म्हणाला. मग तो एकदम उठला. "पण दिवाळीत रांगोळीवर पाय कोण देईल?"

नऊ वाजता मंडपवाले आले तेव्हा स्टेजच्या जागी तीन माणसांएवढ्या लांबीरुंदीची प्रचंड रांगोळी होती. मुलांनी बाहेरूनच वर्तुळ आखलं होतं, मध्ये कोणीही पाय ठेवला नव्हता. कडेने पणत्या होत्या. शेजारी खुर्ची टाकून, छत्री उघडून आनंदीबाई बसल्या होत्या.

"आजी, इथं खड्डे घ्यायचेत," मुकादम म्हणाला.

"घ्या की. रांगोळी तुडवा आणि घ्या. मी बघते आहे."

मुकादमाने पहार खाली ठेवली. टिळेकरकाकांना निरोप गेला. ते आले ते प्रमाणपत्र आणि अभिनव, दोघांनाही घेऊन.

"पुसा ती रांगोळी," काका म्हणाले.

"पुसतो," भाग्यश्री म्हणाली. "आधी यांनी आपलं यंत्र एकदा या ड्रेनेजच्या झाकणावर धरावं. बुधवारी जसं लावलं होतं, तसंच."

आता तिथे तीसचाळीस माणसं जमली होती. अभिनवला नाही म्हणता येईना. त्याने यंत्र झाकणावर धरलं. यंत्र गप्प. त्याने ते झाकणाला टेकवलं. तरी गप्प.

"झाकण लाकडाचं असावं," आनंदीबाई म्हणाल्या.

अभिनवने गॉगल काढला. "मॅडम, ते सगळीकडेच वाजत होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून मी कमी केलं."

एवढ्यात महिपतीमामाचा टेम्पो आला. मामा खाली उतरला. कमरेला दोर बांधून त्याने दुसरं टोक टेम्पोला अडकवलं, रांगोळीवर दोन फळ्या आडव्या टाकल्या आणि त्यांवर पालथं पडून हाताने मुरूम बाजूला सारू लागला. हातभर खोलीवर गंजलेला पत्रा लागला. मामाने त्यावर पहारीचं टोक नुसतं टेकवलं. पत्रा बिस्किटासारखा मोडला आणि मुरमासकट आत गेला.

खाली दीड फूट रुंदीचं काळं भोक होतं. पाइप काढल्यावर आठ वर्षांत त्याच्या कडा ढासळून ते एवढं वाढलं होतं. मामाने एक दगड आत सोडला. सगळे कान देऊन ऐकत राहिले. एक, दोन, तीन, चार. मग फार खोलवरून, साठलेल्या पावसाच्या पाण्याचा आवाज आला.

"आजोबा, मी पण बघू?" टिळेकरकाकांची पाच वर्षांची नात तेजस्विनी पायांत घुंगरू बांधून धावत आली होती. नाचात ती पहिल्या रांगेत, अगदी मधोमध होती. काकांनी तिला मध्येच उचललं. ती खाली सोडा म्हणत होती, पण ते सोडेनात.

ते मुलांपाशी आले. भाग्यश्रीने त्यांच्यासाठी दोन दिवस एक झणझणीत वाक्य जपून ठेवलं होतं. पण काकांनी नातीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. ते वाक्य तिने गिळलं.

"माझं चुकलं," काका म्हणाले.

दुपारभर मामाने आणि मंडपवाल्यांनी दगड, मुरूम आणि काँक्रीट घालून ते भोक तळापासून भरलं. काका उन्हात उभं राहून शेवटचं घमेलं पडेपर्यंत बघत होते. अभिनव एका कोपऱ्यात धम्मदीपकडून यंत्राला ओल्या जमिनीची सवय कशी करायची ते शिकत होता. त्याला ते चौथ्या खेपेला जमलं.

नाच संध्याकाळी पार्किंगमध्ये झाला. आधी आनंदीबाईंनी माइक हातात घेतला आणि दत्तोबांसकट चौघांना पुढे बोलावलं.

"दत्तोबांनी आठ वर्षांपूर्वी खरं सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही. या मुलांनी ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्षांत कोणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. आजही देणार नाही. बोअर शोधणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत ते आधी बघावं, म्हणून धम्मदीपचा एक मार्क कापते आहे. उरलेले नव्याण्णव तिघांचे. हे मी आजवर दिलेले सगळ्यात जास्त मार्क आहेत."

धम्मदीप हसला. मग पुढच्या रांगेतल्या आया उठून टाळ्या वाजवू लागल्या, त्यांच्या मागचेही उठले, आणि पडद्याआडून तीस जोडी घुंगरू एकदम छमछमत बाहेर आले.