पारड्यावरचा अंगठा

आयुर्मापक यंत्राच्या पडद्यावर ‘नऊ दिवस’ अशी अक्षरं उमटली आणि डॉ. शलाका तेंडोलकरांनी दत्तकाचा अर्ज परत सरकवला.

“खटावकर, हा कुत्रा देता येणार नाही. महिन्याहून कमी आयुष्य उरलेला प्राणी घरी पाठवायचा नाही, असा निवाऱ्याचा नियम आहे. उगाच जीव लावून बसाल.”

“जीव लावायलाच आलोय,” जनार्दन खटावकर म्हणाले. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी आवाजातला निरीक्षक गेला नव्हता. त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून सरदार पडला होता. आठ वर्षांचा ग्रेट डेन, वासराएवढा, तोंड पांढरं झालेलं. मालकाने फ्लॅट बदलला आणि जुना सोफा टाकावा तसं याला इथे टाकलं.

“हे यंत्र करतं तरी काय?”

“रक्तपेशींतल्या जनुकांवर वयाच्या खुणा चढत जातात. यंत्र त्या मोजतं. किती खुणा झाल्या की मरण, हे मात्र त्याला आधीच्या मृत्यूंवरून शिकावं लागतं. सुरुवातीला आम्ही प्रत्येक जातीचं पुस्तकातलं सरासरी आयुष्य दिलं. आता दरवर्षी इथलेच मृत्यू शिकवतो.”

“चूक किती येते?”

“शून्य.” शलाकांनी भिंतीवरच्या फोटोकडे अभिमानाने बोट दाखवलं. “तो माझा शेरू. यंत्राने तारीख सांगितलेला पहिला. त्यानंतर चारशे बारा झाले. एका दिवसाचाही फरक नाही.”

खटावकरांचं डोकं तिथेच फिरलं. चौतीस वर्षांत शून्य चूक त्यांनी फक्त लबाडाच्या दुकानात पाहिली होती.

“डॉक्टर, कुठलाही तराजू थोडा चुकतोच. जो कधीच चुकत नाही, त्याच्या पारड्यावर दुकानदाराचा अंगठा असतो. ही सगळी कुत्री मेली कशाने?”

“शांतपणे गेली. यंत्राने दिलेल्या दिवशी आम्ही इंजेक्शन देतो. शेवटचे हाल नकोत म्हणून.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“आणि तीच तारीख मृत्यू म्हणून यंत्राला शिकवता.”

शलाकांनी होकारार्थी मान हलवली.

“बाई, हे यंत्र मरण सांगत नाही. तुमचंच वेळापत्रक तुम्हाला वाचून दाखवतं. म्हातारा ग्रेट डेन त्याने पाहिलेलाच नाही, कारण तुम्ही एकही म्हातारा होऊ दिला नाहीत. पावशेर कमी तोलणाऱ्यांची मापं मी जप्त केली. तुमचं काय करू?”

त्यांनी सरदारचा पट्टा उचलला आणि सहीबिही न करता ते चालू लागले. कुणी अडवलं नाही.

अकराव्या दिवशी ते परत आले. खरं तर सरदारनेच त्यांना ओढत आणलं.

“मापा,” खटावकर म्हणाले.

शलाकांनी रक्ताचा थेंब घेतला. पडद्यावर ‘शून्य दिवस’ उमटलं. तेवढ्यात सरदारच्या शेपटीने टेबलावरचा ट्रे खाली पाडला आणि तो सांडलेला कापूस हुंगू लागला.

शलाकांनी यंत्राची वायर उपटली. खटावकरांचा राग तेवढ्याने उतरणारा नव्हता. ते भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले.

“हा तुमचा शेरू. इंजेक्शन दिलंत त्या दिवशी आजारी होता?”

“नाही,” शलाका म्हणाल्या. “सकाळी दूधभाकरी खाल्ली होती. वाटी चाटून ठेवली होती.”