मंगळवारचा आकडा

"हिरवा! हिरवा टँकर! धावा!"

दोन-दोन पायऱ्या गाळत यश जिना उतरला. त्याच्यामागे रचना आणि सगळ्यांत शेवटी मैथिली. तिघं फाटकाबाहेर पोचली तेव्हा टँकर कोपऱ्यावर वळत होता. यश तसाच पळत गेला आणि धापा टाकत परत आला. त्याच्या तळहातावर निळ्या पेनाने आठ आकडे लिहिलेले होते.

"मिळाला! टँकरवाल्यांच्या ऑफिसचा नंबर. मागं केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलाय! आपल्या बागेला पाणी घालते ना, तीच ही गाडी."

"पण त्या नंबरचं करायचं काय?" रचनाने विचारलं.

"तपास! आधी सगळं जमवायचं, मग विचार करायचा."

"तू फक्त पहिलं अर्धंच करतोस," रचना म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि मोठ्या भावाला सोडायची नाही.

मैथिली फाटकाशीच थांबली होती. कालपासून तिला हा तपासच नकोसा झाला होता.

बौशरमधल्या त्यांच्या इमारतीत काल, बुधवारी सकाळी, नळांना वास मारणारं पाणी आलं होतं. ओमानमध्ये कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, निळा टँकर म्हणजे पिण्याचं पाणी आणि हिरवा टँकर म्हणजे झाडांना घालायचं, शुद्ध केलेलं सांडपाणी. आवारात जमिनीखाली दोन टाक्या होत्या, एक पिण्याच्या पाण्याची आणि एक बागेची. हिरव्या टँकरचा पाइप पिण्याच्या टाकीत गेला होता! नऊ जण आजारी पडले. यश-रचनाची आजी, हौसाबाई, दोन महिन्यांसाठी नागपूरहून आलेली. तिला तर दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

इमारतीची देखभाल बघणाऱ्या अतुलकाकांनी तासाभरात दोषी शोधून काढला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी, टँकर आला. तेव्हा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार तौहीद, पिण्याच्या टाकीचं झाकण उघडं टाकून मशिदीत गेला होता. ड्रायव्हरला उघडं झाकण दिसलं, त्याने पाइप तिथेच सोडला. खलास! तौहीदला कामावरून काढून मायदेशी पाठवायचं ठरलं. तिकीट उद्याचं, शुक्रवारचं.

ते उघडं झाकण कुणाचं काम होतं, ते मैथिलीला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

शाळेच्या हिवाळी सुट्टीचा प्रकल्प म्हणून तिने विषय घेतला होता, 'आपली इमारत रोज किती पाणी वापरते?' रोज चार वाजता ती वजन बांधलेला टेप आत सोडून पिण्याच्या टाकीच्या झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायची. झाकणाला हात लावायचा नाही, असं तौहीदचाचाने बजावलं होतं. म्हणून ती तो नसताना त्याच्या खोलीतल्या खिळ्यावरची किल्ली गुपचूप घ्यायची. मंगळवारी मोजत असताना वरून आईची हाक आली होती, "मैथिली, चल लवकर! मंडळाचा कार्यक्रम चुकेल!" तिने घाईघाईने झाकण लोटलं, कुलूप दाबलं आणि पळाली. कुलूप लागल्याचा आवाज आला होता का? तिने शंभरदा आठवून पाहिलं. आठवत नव्हतं.

"चल, चाचाला भेटू," यश म्हणाला.

तौहीद खोलीत बॅग भरत होता. तो मूळचा बांगलादेशचा, अकरा वर्षं याच इमारतीत होता. यशला सायकल त्यानेच शिकवली होती. मुलांना पाहून तो हसला आणि दोन शर्ट उचलून त्यांना बसायला जागा करून दिली.

"चाचा, मंगळवार को आप कहां थे? सब बताओ!" यशने वही उघडली.

"अतुलसाबने बारा बजे बरका भेजा था, पौधे लाने. पिकअपमें गया, पांच बजे वापस आया. फिर मगरिब पढने गया."

"और ढक्कन? लॉक था?"

तौहीदने क्षणभर मैथिलीकडे पाहिलं. मग तो शर्टाची घडी घालू लागला. "देखा नहीं, बेटा. देखना चाहिए था."

मैथिलीचे कान गरम झाले. ती उठून बाहेर आली आणि जिन्यात बसली. पाठोपाठ दोघं आली.

"मला एक कळत नाही," रचना म्हणाली. "चाचाने झाकण उघडलं नसेल, तर ज्याने उघडलं तो गप्प बसलाय. काल बुद्धवंदना झाल्यावर मी पप्पांना विचारलं, आपण रोज म्हणतो ना, खोटं बोलणार नाही म्हणून, मग नुसतं गप्प बसलं तर चालतं का?"

"मग? पप्पा काय म्हणाले?" यशने विचारलं.

"म्हणाले, त्या गप्प बसण्याचा त्रास कुणाला होतोय ते आधी बघ."

मैथिलीने डोळे मिटून घेतले. खालून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"मी उघडलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"झाकण. मंगळवारी चारला. आणि कुलूप नीट लावलं की नाही, ते मला आठवत नाही." तिने सगळं सांगून टाकलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की रचनाला पुढे वाकावं लागलं.

यश ताडकन उभा राहिला. "म्हणजे आजी तुझ्यामुळे..." पुढचं तो बोलला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आणि तू कालपासून आमच्याबरोबर तपास करत फिरतेयस! टँकरमागे पळवलंस मला!"

"तू स्वतःच पळालास," रचना म्हणाली. पण तिचे डोळेही भरले होते. मग तिने नाक पुसलं. "मैथिलीताई, पाच वाजता अर्बाब येणारेत, चाचाला पाठवायच्या कागदावर सही करायला. पप्पा पण असतील. तू सांगणार आहेस ना?"

"आई काय म्हणेल? मला शाळेतून काढतील का? आजीला अजून काही झालं तर?"

"ते मला नाही माहीत. पण मी येते तुझ्याबरोबर."

यश भिंतीकडे बघत होता. मान न वळवता तो पुटपुटला, "मी पण."

पाच वाजता तळमजल्यावर माणसं जमली. इमारतीचे मालक, अर्बाब हमूद, पांढऱ्या पायघोळ दिशदाशात मधल्या खुर्चीवर बसले होते. म्हातारे, शांत, त्यांना हिंदी छान येई. शेजारी यशचे वडील, प्रेमानंदकाका, दवाखान्यातून थेट आलेले. मैथिलीची आई श्यामला भिंतीशी उभी होती. अतुलकाका कागद चाळत होते. तौहीद दाराशी उभा होता, बॅग पायाशी.

"साडेपाचला टँकर आला, नक्की?" प्रेमानंदकाकांनी विचारलं.

"नक्की! मी तेव्हा मत्रहला होतो. ड्रायव्हरने नंतर सांगितलं," अतुलकाका म्हणाले. "अर्बाब, इसपे साइन कीजिए, बात खतम."

हमूद यांनी पेन उचललं.

"थांबा!" आपण ओरडलो हे मैथिलीला ओरडल्यावर कळलं. सगळे वळले. आईच्या भुवया वर गेल्या. रचनाने तिचा हात घट्ट धरला. "झाकण मी उघडलं होतं. मंगळवारी चार वाजता. चाचाला न विचारता किल्ली घेतली. कुलूप बहुतेक उघडंच राहिलं. त्याची काही चूक नाही."

"मैथिली!" आई म्हणाली.

प्रेमानंदकाकांनी ते हिंदीत सांगताच हमूद यांनी पेन खाली ठेवलं. पण अतुलकाका घाईने पुढे आले. "बघा! पण किल्ली कुणाची? नातूरची! पोरं किल्ली नेतात आणि ह्याला पत्ता नाही? जबाबदारी त्याचीच. अर्बाब, साइन कीजिए."

मैथिलीला रडू फुटलं. एवढं सगळं सांगून उपयोग शून्य! उलट तिने चाचाला आणखी अडकवलं होतं.

"एक मिनिट," प्रेमानंदकाका म्हणाले. ते इंजिनिअर होते आणि त्यांना घाई आवडत नसे. "का उघडलंस गं झाकण?"

"पाणी मोजायला. प्रोजेक्ट..."

"वही आहे?"

तिने हातातली वही पुढे केली. काकांनी चष्मा वर केला. "रविवार, पंच्याण्णव सेंटिमीटर. सोमवार, एकशे वीस. मंगळवार... हे का खोडलंस?"

"चुकलं होतं. रोज पाणी पंचवीसने खाली जातं. म्हणजे मंगळवारी एकशे पंचेचाळीस यायला हवं होतं. निळा टँकर तर गुरुवारी येतो. पण आलं तीस. मला वाटलं, टेपचं वजन टाकीतल्या शिडीवर अडकलं. म्हणून..."

ती थांबली. खोडलेल्या आकड्याकडे बघतच राहिली. दोन दिवस ती फक्त कुलपाचा विचार करत होती. ह्या आकड्याचा एकदाही नाही!

"काका!" ती म्हणाली. "टेप अडकला नव्हता. पाणी खरंच वर आलं होतं. चार वाजता टाकी भरलेली होती!"

"आणि तू गेलीस तेव्हा कुलूप?"

"लावलेलं होतं. मी किल्लीने उघडलं."

"म्हणजे टँकर चारच्या आधी आला!" यश ओरडला. "साडेपाचला नाहीच!"

"आणि चाचा पाचपर्यंत बरकाला होता!" रचना त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "अतुलकाकांनीच पाठवलं होतं!"

"दुसरी किल्ली कुणाकडे असते?" प्रेमानंदकाकांनी हे सगळं अर्बाबना हिंदीत सांगून शांतपणे विचारलं.

सगळे अतुलकाकांकडे बघू लागले. सगळ्यांना माहीत होतं.

"लहान मुलीच्या मोजमापावर काय विश्वास ठेवायचा?" अतुलकाका हसायला गेले, पण हसू नीट आलं नाही. "स्वतःच खोडलंय तिने."

"तो टँकरवाले को फोन करो," हमूद म्हणाले.

"नंबर... अभी मेरे पास नहीं है, अर्बाब."

"मेरे पास है!" यशने तळहात त्यांच्या नाकासमोर धरला.

हमूद यांनी फोन लावला. ते अरबीत मोजकंच बोलले आणि वाट बघत बसले. मैथिलीची नजर फोनवरून हलेना. तिचं मोजमाप चुकलेलं असलं तर? फोन किणकिणला. हमूद यांनी पडद्यावरचा फोटो बघितला आणि फोन अतुलकाकांपुढे धरला. टँकरची पावती होती. मंगळवार, दुपारी दोन पन्नास. खाली सही, अतुलकाकांची.

अतुलकाका खुर्चीत बसले.

"बागेच्या टाकीच्या झाकणावर माझी गाडी उभी होती," ते म्हणाले. "मी फोनवर बोलत होतो. ड्रायव्हरने विचारलं, कुठे सोडू? मी किल्ल्यांचा जुडगा दिला आणि हात केला... तिकडे म्हणून. बघितलंच नाही. काल वास आला तेव्हा लक्षात आलं. मग घाबरलो."

मैथिलीला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण तो शेवटचा शब्द तिच्या ओळखीचा होता.

हमूद यांनी कागद फाडला. "तौहीद इधर ही रहेगा. अतुल, तुम आज हर घर में जाओगे, हॉस्पिटल भी, और खुद बोलोगे किसकी गलती थी. नौकरी की बात उसके बाद." मग ते मैथिलीकडे वळले. "दो बात. अकेले टंकी खोली, गिर जाती तो? फिर कभी नहीं. और दूसरी, शाबाश!"

प्रेमानंदकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठमोठ्या माणसांना जमत नाही, ते केलंस. आणि आकडा कधी खोडू नये, बरं का! पटला नाही तरी लिहून ठेवायचा." यशने तिच्या खांद्यावर हलकेच गुद्दा मारला. ती त्याची माफी मागायची पद्धत होती.

सगळे तिचं कौतुक करत होते, पण तिला धड आनंद होईना. "आई, कुलूप खरंच माझ्यामुळे उघडं राहिलं असतं तर?"

श्यामलाने तिला जवळ घेतलं. "सांगायला आलीस तेव्हा तुला तसंच वाटत होतं ना? मग झालं. किल्लीबद्दल मात्र घरी गेल्यावर बोलू आपण."

बाहेर तौहीद बॅग उचलून खोलीकडे निघाला होता. मैथिली त्याच्यामागे धावली.

"चाचा, आपको पता था? मैं किल्ली लेती हूं?"

"मंगल को चाबी कील पर उलटी टंगी थी. और चार बजे टेप लेकर घूमनेवाली इस बिल्डिंग में एक ही है."

"फिर आपने बोला क्यों नहीं? मेरा नाम?"

तौहीदने बॅग खाली ठेवली. "मैंने तुझे खोलते देखा था क्या? नहीं देखा. जो देखा नहीं, वो बोलूं कैसे?"

मैथिलीने वाकून बॅगेचा एक पट्टा धरला.

"कल चार बजे आ," तो म्हणाला. "ढक्कन मैं खोलूंगा. तू नाप."