बोटीतली तिसरी जागा

पाण्याचे कॅन दुकानातून आणून गॅरेजमध्ये ठेवायचे, एवढंच काम होतं. एप्रिलमधली शनिवारची सकाळ होती. थेनने ट्रकमधून एकेक कॅन उतरवला, भिंतीशी लावून ठेवला आणि हात झटकत तो घरात गेला. कॉर्लिस यादी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. पॉवेल सरोवर शंभरावर मैल लांब पसरलेलं असलं, तरी भोवती सगळं वाळवंट. पिण्याचं पाणी घरूनच न्यायचं, माणशी रोज एक गॅलन, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. पाच दिवस, दोन माणसं, म्हणजे पाच-पाच गॅलनचे दोन कॅन.

भिंतीशी तीन होते.

तिने आत जाऊन विचारलं, तेव्हा थेन पावाला लोणी लावत होता. तो म्हणाला, की तेवढेच लागतील असं वाटलं. जास्तीचं पाणी वाया थोडंच जातंय? कॉर्लिसला ते पटलं. किंवा पटल्यासारखं तिने केलं.

त्यांच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. दोघांचंही दुसरं लग्न, दोघंही पन्नाशी ओलांडलेली. थेन कनॅब गावातल्या शाळेत दुरुस्तीची कामं करायचा. नळ, दारं, बाकं, जे मोडेल ते. माणूस अबोल, पण हाताला नेमका. अर्ध्या इंचाची चूक त्याला खपायची नाही. हिवाळ्यात त्याने बिग वॉटर गावच्या ऑर्व्हल नावाच्या म्हाताऱ्याकडून एक जुनी अॅल्युमिनियमची बोट घेतली होती. मागे सुकाणूची खुर्ची, तिच्या बाजूला आणखी एक, आणि पुढच्या टोकाला एक छोटं बाकडं. बोटीने जायचं, लाल कड्यांच्या आत एखादा वाळूचा किनारा शोधायचा, नांगर वाळूत पुरायचा, तंबू ठोकायचा. दोघांनीही हे आजवर कधी केलं नव्हतं. त्यामुळे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

पहिल्या नवऱ्याने कॉर्लिसला सात वर्षं फसवलं होतं. ते तिला कळलं होतं एका वासावरून. घरात कधी न आणलेल्या साबणाचा वास त्याच्या मानेला यायचा. तेव्हापासून बारीकसारीक गोष्टींकडे तिचं लक्ष जायचंच. नको म्हटलं तरी जायचं.

म्हणून कॅनच्या पाठोपाठ लाइफ जॅकेटं आली तेव्हा ती फक्त बघत राहिली. थेनचं नारिंगी, मोठ्या मापाचं. तिचं पिवळं. आणि तिसरं निळं, लहान मापाचं, चण बारीक असलेल्या बाईला बसेल असं. मग घडीच्या खुर्च्या आल्या, तीन. मग कपाटावरून स्लीपिंग बॅगा निघाल्या. त्यांच्याकडे दोनच होत्या, तिसरी नवी होती, तिच्यावरची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने सरळ विचारलं, "कोण येणार आहे आपल्याबरोबर?"

"कुणी नाही."

"मग हे कुणासाठी?"

थेनने निळ्या जॅकेटकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. कपाळाला आठी होती. आपणच बसवलेलं दार वाकडं लागत असल्यासारखा तो त्या जॅकेटकडे बघत होता.

"मला वाटलं, तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

पहिला नवराही असाच म्हणायचा. तूच म्हणालीस, तूच विसरलीस. त्या घरात शेवटी शेवटी तिला स्वतःच्याच आठवणींची खात्री उरली नव्हती.

पुढचे चार दिवस तिने त्याचा फोन पाहिला, ट्रकमधली खणं पाहिली, कोटाचे खिसे पाहिले. काही सापडलं नाही. पण बुधवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला प्रवासाचा कागद सापडला. सरोवरावर जाणारा माणूस असा कागद मागे कुणाकडे तरी ठेवतो. कुठे जातोय, कधी परतणार, बोट कशी आहे, माणसं किती. ठरलेल्या दिवशी परतला नाही, तर शोधणाऱ्यांना तेवढा आधार. हा कागद ते कॉर्लिसच्या बहिणीला देणार होते. सगळं थेनच्या टपोऱ्या अक्षरात होतं, आणि माणसांच्या रकान्यात तीनचा आकडा होता.

तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने आकड्यावरून बोट फिरवलं.

"हे मी लिहिलंय?" त्याने विचारलं. आवाज इतका खाली, की तिला वाटलं तो तिला विचारतच नाहीये.

मग त्याने तीन खोडून दोन केलं. कॉर्लिसने त्याच्यादेखत सामानातून तिसरा कॅन, खुर्ची, नवी बॅग आणि ते निळं जॅकेट काढून गॅरेजच्या माळ्यावर टाकलं. थेनने अडवलं नाही. फक्त जॅकेट वर गेलं तेव्हा तो म्हणाला, "ते एक राहू दे की." का राहू दे, ते त्याला सांगता आलं नाही. कॉर्लिसनेही राहू दिलं नाही.

शुक्रवारी निघायचं होतं. आदल्या दिवशी, गुरुवारी, भरल्या सामानानिशी बोट पाण्यात कशी चालते ते बघायचं ठरलं. थेन बोट घेऊन थेट धक्क्यावर जाणार आणि कॉर्लिस आपल्या गाडीने मागून येणार. वाटेत बिग वॉटरला थांबून ऑर्व्हलकडून बोटीच्या कापडी छताचे दांडे घ्यायचे होते, ते द्यायचे म्हातारा विसरला होता.

ऑर्व्हलचं घर रस्त्यापासून आत, उघड्या माळावर होतं. भर दुपारी सगळे पडदे ओढलेले. अंगणात चाकांवरची एक छोटी खोली उभी होती, तिच्या दारात त्याचे बूट, आत त्याचा पलंग. घरातून एक वायर लोंबत त्या खोलीपर्यंत आलेली होती. म्हातारा घरात राहत नव्हता, हे कॉर्लिसला बघताक्षणी कळलं.

त्याने दांडे काढून दिले. मग तिने मनात होतं ते विचारून टाकलं. बोट बघायला थेन आला होता, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी कुणी होतं का?

एकटाच होता, ऑर्व्हल म्हणाला. मग त्याने विचारलं, "सामान किती जणांचं घेतलंत?"

"दोघांचं."

"दोघांचंच?"

म्हाताऱ्याने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. मग तो बोलला, ते तिच्याकडे न बघता. तो आणि त्याची बायको अर्डिथ त्या बोटीने तीस वर्षं सरोवरावर गेले. दर खेपेला तिघांचं सामान न्यायचे. का, ते दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं अर्डिथला हवंय, अर्डिथला वाटायचं त्याला हवंय. पाच वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले, ओझं उचलवेना, तेव्हा त्याने हट्ट धरला की यंदा दोघांपुरतंच घ्यायचं.

"मग?"

"मग काही नाही. दोघं गेलो... दोघं परत आलो."

तेवढ्यात घराचं मागचं दार उघडलं. एक हात बाहेर आला, झाकलेली ताटली पायरीवर ठेवून आत गेला आणि दार लागलं. कोपरापर्यंतचा हात, फुलाफुलांची बाही, बस. ऑर्व्हलने तिकडे मान वळवली नाही, अर्डिथचं नावही घेतलं नाही.

"ती तिकडे राहते. मी इथे बरा आहे," तो म्हणाला. कॉर्लिस गाडीत बसली तेव्हा तो खिडकीपाशी वाकला. "एक जॅकेट तरी जास्तीचं ठेव, पोरी."

धक्क्यापर्यंतच्या रस्त्यावर तिने हे सगळं उलटसुलट तपासून पाहिलं. जितका विचार केला तितका तिला एकच अर्थ दिसत गेला. थेनने म्हाताऱ्याला पढवून ठेवलं होतं. बाईला भुताची गोष्ट सांगायची, म्हणजे ती तिसरी जागा मुकाट्याने ठेवेल, आणि मग ऐनवेळी तिथे बसायला जी यायची ती येईल. ओळखीची म्हणून, कुणाची तरी बहीण म्हणून. आपण इतक्या भोळ्या वाटलो का, याचाच तिला जास्त राग आला.

धक्क्याच्या उतारावर थेनचा ट्रक होता. मागचा ट्रेलर रिकामा होता. बोट नव्हती. मी आल्यावरच पाण्यात घाल, असं तिने बजावलं होतं.

ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. सरोवर खूप आटलं होतं. समोरच्या लाल कड्यांवर जुन्या पाण्याने सोडलेला पांढरा पट्टा डोक्याच्याही कितीतरी वर चढलेला होता. सुकत्या गाळाचा आणि पेट्रोलचा वास येत होता. गुरुवार असल्यामुळे माणसं नव्हती. एक घरबोट लांब उभी होती, तिच्या दोऱ्या वाऱ्याने खांबावर टकटक आपटत होत्या. पाऊण तास गेला. मग एक तास. फोन लागत नव्हता.

तीनच्या सुमाराला कड्याच्या वळणावरून बोट बाहेर आली. लांबून आधी नारिंगी ठिपका दिसला, तो थेन. आणि पुढच्या टोकाला, बाकड्यावर, पिवळा ठिपका.

कॉर्लिसने उन्हासाठी डोळ्यांवर हात आडवा धरला आणि बोट जवळ येऊ दिली. चूक नव्हती. तिचं पिवळं जॅकेट घालून एक बाई बसली होती, थेनकडे तोंड करून. ती हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि थेन हसत होता. दोन वर्षांत कॉर्लिसने त्याला असं मान मागे टाकून हसताना पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. उलट एकदम हलकं वाटलं, कारण आता शोधायचं काही उरलं नव्हतं. काय बोलायचं, ते तिने मनात नीट जुळवलं.

घरबोट मध्ये आली. थेनची बोट तिच्या मागे गेली आणि दहा-बारा सेकंदांनी या बाजूने बाहेर पडली. पुढचं बाकडं रिकामं होतं.

बोट वाळूला लागली. थेनने इंजिन बंद केलं, तो उठला आणि समोर उभ्या कॉर्लिसला पाहून जागच्या जागी थिजला. त्याने बाकड्याकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"तू कधी उतरलीस?" त्याने विचारलं.

ती पाण्यात शिरली. बोटीत वाकून तिने ताडपत्री उचलली, सामान हलवलं, घरबोटीकडे पाहिलं. पोहणारं कुणी नव्हतं. बाकड्यावर तिचं पिवळं जॅकेट होतं, पाठीवर टेकून बसवल्यासारखं. तिन्ही बकलं लागलेली. बाहेरून ते कोरडं होतं. आत हात घातला तर निथळत होतं.

नाटक छान करतोस, असं काहीतरी ती म्हणाली. थेनने ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याने ट्रक मागे घेतला, बोट ट्रेलरवर ओढली आणि तो पट्टा आवळायला लागला. त्याच्या हाताला रोजची सफाई नव्हती. आवळता आवळता तो हळुवारपणे, एरवी कधी बोलायचा नाही तसं बोलला.

"बरं केलंस सांगितलंस ते. एमेटचं. इतकी वर्षं एकटीनं मनात ठेवायचं म्हणजे..."

कॉर्लिसने ट्रेलरची दांडी धरली. एकोणिसाव्या वर्षी, नेव्हाडातल्या एका परक्या गावात, तिला मुलगा झाला होता. तो दोन दिवस जगला. त्याला पुरलं ते नावाशिवाय. तिच्या आईला एवढं ठाऊक होतं, आणि आई जाऊन वीस वर्षं झाली होती. एमेट हे नाव मात्र कॉर्लिसने पुढे कितीतरी वर्षांनी, मनातल्या मनात ठेवलं होतं. ते नाव तिने आईलाही सांगितलं नव्हतं. आजवर ते तिच्या तोंडून, एकटी असतानासुद्धा, बाहेर पडलं नव्हतं.

"आणखी काय सांगितलं... मी?" तिने विचारलं.

"बाकीचं मुक्कामाला गेल्यावर सांगते म्हणालीस."

मुक्काम झालाच नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी तंबू परत माळ्यावर चढवला, आणि कॉर्लिसच्या बहिणीला बेत रद्द झाल्याचं कळवलं. बोट अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. विकायचं दोनदा ठरलं, पण कुणाच्या गळ्यात घालायची, असं म्हणून दोन्ही वेळा राहिलं. कॉर्लिस आता त्याचे खिसे तपासत नाही. उलट थेनच तिच्याकडे अधूनमधून टक लावून बघतो. बाकीचं काय होतं, असं विचारतो. बाकी काही नव्हतं, ती शपथेवर सांगते. तो मान हलवतो. त्याचा विश्वास बसलेला नसतो, ते तिला दिसतं.

कधी कधी दुपारी, शाळेतून आल्यावर, तो अंगणात जातो. ताडपत्री बाजूला करून सुकाणूच्या खुर्चीवर बसतो, पुढच्या बाकड्याकडे तोंड करून. अर्धा तास, कधी जास्त. कॉर्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. त्याचे ओठ हलत नाहीत. तो फक्त ऐकत असल्यासारखा दिसतो.

अशा दिवशी घरात आल्यावर मात्र बाकीचं काय होतं, हे तो तिला विचारत नाही.