आरशातला हात

कुपवाड रस्त्यावरच्या ‘काशीद हेअर कटिंग सलून’मध्ये सकाळी आधी उदबत्ती लागायची आणि मग हात लागायचा. रात्रभर चार्जिंगला ठेवलेला डावा हात प्रल्हाद काशीद प्लगवरून काढत, कोपराखाली टेकवत आणि अर्धा फेरा फिरवत. ‘कट्’ असा बारीक आवाज झाला की पाचही बोटं एकदा उघडून मिटत, झोपेतून उठलेल्या माणसानं आळस द्यावा तशी. मग दुकान उघडलं असं समजायचं.

गिऱ्हाइकांना आता याची सवय झाली होती. सुरुवातीला लोक हात बघायला इथं येत आणि दाढी समोरच्या दुकानात करत. मग एकेक जण केस कापायला बसू लागला, पुढं दाढीलाही. बसले नव्हते ते फक्त बाबासाहेब मगदूम. मगदूम हळदीचे व्यापारी आणि प्रल्हादरावांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज सकाळी येत, बाकावर बसून पेपर वाचत, चहा पीत, साऱ्या गावाची उणीदुणी काढत, आणि दाढी मात्र घरी करून येत.

“या की खुर्चीत,” प्रल्हादराव म्हणत.

“बसतो की. घाई काय हाय? माझा गळा काय पळून चाललाय व्हय?”

चेष्टाच होती, पण प्रल्हादरावांना ती लागायची. दाढी करताना वस्तरा उजव्या हातात असतो हे खरं, पण निम्मं काम डाव्याचं असतं. कातडी किती ताणायची, पुळी कुठं आहे, केस कुठं उलटा वळलाय, हे डाव्या बोटांना कळतं आणि त्यावर उजवा हात चालतो. सासुरवाडीच्या कडबाकुट्टीच्या यंत्रात डावा हात गेला, तेव्हापासून मगदुमांची दाढी बंद होती. मगदूम खुर्चीत बसत नाही तोवर आपला हात परत आला असं मानायचं नाही, हे प्रल्हादरावांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पुढच्या रविवारी मगदुमांच्या मुलाचा साखरपुडा होता. “त्या दिवशी बसतो,” असा शब्द त्यांनी दिला होता, आणि मगदूम शब्दाचे पक्के.

या हाताची खरी करामत आतल्या तारांत होती. त्या तारांची जुडी, म्हणजे हार्नेस, बनायची एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. प्रल्हादरावांची मुलगी ईश्वरी तिथं हार्नेसची आखणी करायची. पूर्वी त्या कारखान्यात ट्रॅक्टरचे आणि बसचे हार्नेस होत. मोठमोठ्या फळ्यांवर खुंट्या मारलेल्या असत, आणि बायका त्यांच्यामधून रंगीत तारा ओढून वर टेप गुंडाळत. आता तळहाताएवढे फळे भिंगाखाली असत आणि केसाहून बारीक तारा चिमट्यानं ओवल्या जात. रुग्णाच्या हातातल्या मज्जातंतूंची टोकं डॉक्टर एका बारक्या जोडात आणून बसवत. त्याच्या समोरून कृत्रिम हाताचा हार्नेस येऊन त्यात अडके. गव्हाच्या दाण्याएवढ्या या जोडाला ईश्वरीनं नाव दिलं होतं ‘चेताजोड’. त्यात पाच घरं एका ओळीत, पाच बोटांच्या स्पर्शासाठी. सहावं घर खाली मधोमध, रिकामं, बूच मारून बंद केलेलं. कनेक्टर बनवणारी माणसं एखादं घर जास्तीचं ठेवतातच. पुढं काय जोडायची वेळ येईल, कुणी सांगावं!

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी ईश्वरीला सुट्टी होती म्हणून ती दुकानात येऊन बसली होती. पप्पा एका शिक्षकांची दाढी करत होते. गरम पाण्याच्या भांड्यातला एक थेंब उडाला आणि डाव्या हाताच्या करंगळीवर पडला. प्रल्हादरावांनी झटकन अंगठा मागं ओढला. मग जरासे थांबले आणि करंगळी नॅपकिनला पुसून पुन्हा कामाला लागले.

कुणाच्या लक्षात यावं असं त्यात काही नव्हतं. पण चुकीच्या घरात गेलेल्या तारा शोधण्यात ईश्वरीचा जन्म चालला होता. तिचा चहा हातातच गार झाला.

गिऱ्हाईक गेल्यावर ती उठली. “पप्पा, डोळे मिटा.”

“कशाला गं?”

“मिटा म्हणते ना.” तिनं पेन्सिलीचं टोक त्यांच्या करंगळीला लावलं. “कुठलं बोट?”

“करंगळी.”

“तसं नाही. मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगा.”

प्रल्हादराव ओशाळले. “अंगठा. पर आतून अंगठा वाटला म्हंजी ती करंगळी, हे मला ठावं हाय की. तर्जनी वाटली म्हंजी अंगठीचं बोट. मधलं तेवढं मधलंच. लई दिवस फुग्यावर सराव केला, मग जमलं.”

न्हावीकाम शिकणारी पोरं फुगवलेल्या फुग्याला फेस लावून त्यावर वस्तरा चालवतात. फुगा फुटला तर माणसाच्या गालाचं नाव काढायचं नाही. पन्नाशीला आलेले प्रल्हादराव हात बसवल्यापासून गुपचूप तेच करत होते.

“आणि हे तुम्ही इस्पितळात सांगितलं नाही?”

“ते विचारत तवा मी डोळे किलकिले करून बघत हुतो. म्हटलं, चुकलं तर हात काढून घेतील.”

हसावं की रडावं हे ईश्वरीला कळेना.

सोमवारी कारखान्यात गेल्या गेल्या तिनं मूळ चित्र उघडलं आणि उत्पादनप्रमुख रेवती सबनीस यांना बोलावलं. चित्र इस्पितळाच्या आखणीकारांनी काढलेलं होतं. त्यांनी जोड तोंडाच्या बाजूनं बघितला होता, कारण डॉक्टरांना तीच बाजू दिसते. डावीकडचं पहिलं घर अंगठ्याचं. इथल्या फळ्यावर मात्र कनेक्टर नेहमी पाठीमागून, तारा शिरतात त्या बाजूनं वाचायची रीत. कामाला लागलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं. पाठीमागून डावीकडचं पहिलं घर म्हणजे समोरून शेवटचं. आरशात डावं-उजवं बदलतं, तसं. कुठल्या बाजूनं बघायचं हे चित्रावर लिहायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण आपली बाजू तीच सरळ बाजू असं दोघंही धरून चालले होते.

“पण तपासणीत सापडायला हवं होतं,” सबनीसबाई म्हणाल्या.

“तपासणीचा फळाही आपण हेच चित्र पाठीमागून वाचून केलाय, मॅडम. बोटं हलवणाऱ्या तारा वेगळ्या, त्या बरोबर आहेत. फक्त स्पर्श उलटा झालाय.”

सबनीसबाई खुर्चीत बसल्या. “पहिल्या खेपेच्या लोकांच्या तक्रारी आल्या होत्या गं. स्पर्श विचित्र वाटतो म्हणून. आपण काय सांगितलं? मेंदूला सवय होईल. एकानं तर हात कपाटात ठेवून दिलाय.” त्यांनी रुग्णांची यादी पुढं ओढली. “सगळ्यांना आजच कळवू. एक छोटी जोडतार बनव, तारा पुन्हा सरळ करणारी. आणि पहिली घरी घेऊन जा.”

सोमवारी सलून बंद असतं. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून बापलेक आत बसले. जोडतार बसवायला कितीसा वेळ लागणार! प्रल्हादरावांनी बोटं एकमेकांवर घासली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आता अंगठा म्हंजी अंगठाच?”

“अंगठाच.”

त्यांनी फुगा फुगवला, फेस लावला, डाव्या हातानं धरला आणि वस्तरा टेकवला. फट्! फेसाचे शिंतोडे आरशावर उडाले. दुसरा फुगा. तोही गेला. तिसरा तर वस्तरा लागायच्या आधीच डाव्या हाताच्या चिमटीत फुटला.

ईश्वरीला हसू आलं, पण पप्पांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. ते खुर्चीवर टेकले होते, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर.

“काढ ती तार.”

“पप्पा, ही चूक होती. आता दुरुस्त झालंय.”

“तुझी चूक मी शिकून घेतली गं बाई. घासून घासून शिकलो. आता ती माझी हाय. रविवारी मगदूम बसणार हाय. त्याच्या गालावर ही नवी शिकवणी घेऊ व्हय?”

ईश्वरीला फार वाईट वाटलं. तिला वाटलं होतं, पप्पा खूश होतील. “आणि उद्या कढत पाणी सांडलं तर? काल अंगठा ओढलात, करंगळी तिथंच राहिली. शिकलेलं सगळं विचार करून येतं, पप्पा. चटका विचार करायला वेळ देत नाही.”

तेवढ्यात शटरखालून वाकून प्रल्हादरावांची बायको नंदाताई चहा घेऊन आली. “फुगं फोडायलाय का दिवाळी साजरी करायलाय?” असं म्हणत तिनं पेला पुढं केला. प्रल्हादरावांनी सवयीनं डावा हात पुढं केला. पेला गरम होता. त्यांचा अंगठा आपोआप सुटला, बोटं सरकली, पेला काठाला धरला गेला. एक थेंब सांडला नाही. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

पेला ठेवून ते बायकोकडं बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा तिच्या हनुवटीवर टेकवला. तिथं लहानपणी पडल्याची एक जुनी खोक होती.

“अहो, पोरगी बसलीया,” नंदाताई लाजली.

“ही खोक,” प्रल्हादराव म्हणाले. “इतके दिवस हिला हात लावला की करंगळीला लागायची. कुणा दुसऱ्याची वाटायची. आज अंगठ्याला लागली बग.” आणि ते चक्क रडले. नंदाताईनं त्यांचे डोळे पदरानं पुसले, आणि मग स्वतःचेही.

तोडगा त्या रडण्यातूनच निघाला. जोडतार काढता-घालता येत होती. दुकानात ती काढायची, घरी लावायची. ईश्वरीनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. मग विचार करून ते म्हणाले, माणसाला दोन भाषा येतात, दोन्हींत तो विचार करू शकतो. दोन हात का येऊ नयेत? मात्र दुकानात गरम पाण्याचं भांडं उजव्या बाजूला ठेवायचं आणि महिन्याला एकदा तपासणीला यायचं. आणि तपासणीच्या वेळी, डॉक्टर मुद्दाम म्हणाले, डोळ्यांवर पट्टी बांधली जाईल.

आठवडाभर काशीदांच्या घरात तोच खेळ चालला. सकाळी दुकानात हात बसवताना प्रल्हादराव तार काढून खिशात टाकत, दुपारी जेवायला बसताना लावत. पहिले दोन दिवस सरावासाठी डाव्या हातानं घेतलेला भाताचा घास नाकाला लागला आणि नंदाताई पोट धरून हसली. शनिवारी मात्र त्यांनी तार लावूनही एक फुगा न फोडता पार केला, आणि तार काढून दुसरा. दोन्ही फुगे त्यांनी आरशाला टांगून ठेवले.

रविवारी मगदूम नवा सदरा घालून आले आणि थेट खुर्चीत बसले. बाकावरच्या माणसांनी पेपर खाली ठेवले. ईश्वरी दाराशी उभी होती.

“फुगं कशाला टांगल्यात?” मगदुमांनी विचारलं.

“साखरपुडा हाय न्हवं तुमचा?”

“माझा न्हाई, पोराचा.”

“मग मान सरळ ठेवा. पोराचा बाप हलला तर वरात दवाखान्यात.”

फेस झाला. डाव्या हाताची बोटं गालावर उतरली, थांबली, कातडी ताणली गेली. वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत एकसारखा खाली आला. मगदुमांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, ते हळूहळू सैल सोडले. मग डोळे मिटले. एक गाल संपेपर्यंत त्यांच्या घोरण्याचा आवाज येऊ लागला. प्रल्हादरावांनी आरशातून लेकीकडं बघितलं. एवढं समाधान तिनं त्यांच्या चेहऱ्यावर अपघातानंतर कधी बघितलं नव्हतं.

“ईश्वरे,” ते हळूच म्हणाले, “एक इचारू? त्या जोडात सहावं घर रिकामं हाय म्हणालीस.”

“हो. का?”

“ते बूच काढलं, तर तिथं काय बी लावता येईल?”

“काय बी म्हणजे काय?”

प्रल्हादरावांनी उजव्या हातातला वस्तरा उजेडात धरला. “ह्याची धार. केस कापताना हिला काय लागतं, ते मला कधीच कळलं न्हाई बग. उलटी बोटं शिकलो, तर एक सहावं शिकीन की.”

मगदुमांनी एक डोळा उघडला. “पल्ह्या, माझी निम्मी दाढी राहिलीया. शोध मागनं लाव.”

सगळे हसले. प्रल्हादरावांनी दुसऱ्या गालाला फेस लावला. ईश्वरीही हसली, पण तिच्या डोक्यात चित्र सुरू झालं होतं. धारेत बसवायची संवेदी पट्टी, तिच्यापासून बाहीतून येणारी एक तार, सहावं घर. अवघड काहीच नव्हतं. कुणाला वस्तरा हवा असेल, कुणाला सुई, कुणाला ट्रॅक्टरचा नांगर. आणि शिकलेलं कुणी परत देत नाही, हे तिनं याच दुकानात बघितलं होतं. उद्या पप्पा वस्तरा खाली ठेवतील, तेव्हा त्यांना आपलं बोट टेबलावर राहिल्यासारखं वाटेल का?

तिनं खिशातली पेन्सिल काढली आणि पेपरच्या कोपऱ्यावर पहिली रेघ ओढली. या वेळी बाजू लिहायला विसरायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि मग ती तिथंच अडली. हे चित्र कुठल्या बाजूनं बघून काढायचं, माणसाच्या की वस्तऱ्याच्या?